पवित्र शास्त्रातली वीणा नेमकी कोणती, आणि तिच्यावरून आपल्या उपासनेतली वाद्यं ठरवता येतात का?

जय ख्रिस्त, ताई.

तुमच्या मंडळीत नवा कीबोर्ड आला आणि वाद सुरू झाला, असं तुम्ही लिहिलंय. एक वडीलजन म्हणतात की मराठी स्तोत्रांत जिथे ‘वीणा’ आहे तिथे इंग्रजीत ‘हार्प’ आहे, म्हणजे उपासनेत पाश्चात्य वाद्यंच शास्त्राला धरून. पेटी, तबला आणि टाळ ही भजनी मंडळाची वाद्यं. दुसऱ्या एका बहिणींना ‘वीणा’ हा शब्दच खटकतो, कारण तो ऐकला की डोळ्यांपुढे सरस्वती उभी राहते. आणि हे सगळं कानावर पडल्यावर तुमच्या मुलीने विचारलं, स्वर्गात गेल्यावर आपण सगळे ढगावर बसून वीणाच वाजवत राहणार का?

मी बत्तीस वर्षं मराठी मंडळ्यांमध्ये गायन चालवतोय. पेटी वाजवतो, गायकवृंद बसवतो, आणि मधली काही वर्षं संध्याकाळच्या वर्गात जुना करार शिकवलाय. या काळात हा वाद मी चार-पाच वेगवेगळ्या रूपांत पाहिला. दरवेळी वाद्याच्या नावावरून सुरुवात होते, पण खरा प्रश्न वेगळा असतो: शास्त्रात एखाद्या वाद्याचं नाव आलं म्हणजे ते वाद्य पवित्र ठरतं का, आणि नाव आलं नाही म्हणजे बाद होतं का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. ते का, हे वीणेच्याच वाटेने गेलं तर नीट दिसतं.

दावीद राजाच्या हातात जे वाद्य होतं त्याचं हिब्रू नाव किन्नोर. जुन्या करारात हा शब्द 42 वेळा येतो. खाली लाकडाची छोटी पोकळ पेटी, तिच्यातून वर निघालेले दोन बाहू, त्या बाहूंना वरून जोडणारी आडवी दांडी, आणि पेटीपासून दांडीपर्यंत ताणलेल्या तारा. काखेशी धरून चालता चालता वाजवता येईल एवढंच ते. इंग्रजीत हार्प म्हणतात ते वाद्य त्रिकोणी असतं, त्याच्या तारा ध्वनिपेटीतून तिरक्या वर जातात. म्हणजे किन्नोर हा काही हार्प नव्हे. किन्नोरबरोबर वारंवार येणारं दुसरं वाद्य नेवेल. तेही बहुधा याच घराण्यातलं, पण मोठं. आपल्या मराठी शास्त्रात किन्नोरला ‘वीणा’ आणि नेवेलला ‘सतार’ असे शब्द वापरलेत.

किन्नोर कसा दिसत असेल याची कल्पना करत बसायची गरज नाही. निनवे इथल्या, अश्शूरचा राजा सन्हेरीब याच्या राजवाड्यातला एक दगडी शिल्पपट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात तीन कैदी अशीच वाद्यं वाजवत चाललेत आणि मागे अश्शूरी शिपाई आहे. इ. स. 132 ते 135 या काळात रोमनांविरुद्ध बार कोखबाचं बंड झालं, तेव्हा यहुद्यांनी पाडलेल्या नाण्यांवरही हे वाद्य आहे. यरुशलेमचं मंदिर जमीनदोस्त होऊन साठेक वर्षं झाली होती, तरी त्यांनी नाण्यावर मंदिरातलं वाद्य कोरलं.

मग इंग्रजीत ‘हार्प’ कुठून आला? भाषांतरकारांच्या देशात भक्तिभावाने वाजवलं जाणारं, गाण्याला साथ करणारं तंतुवाद्य हार्प होतं, म्हणून त्यांनी तो शब्द घेतला. मराठी भाषांतरकारांनीही हेच केलं. आपल्या वाचकाला जवळचं, मानाचं तंतुवाद्य म्हणून वीणा घेतली. तेव्हा मराठीतून इंग्रजीत जाऊन, तिथला शब्द पुरावा म्हणून परत आणणं काही उपयोगाचं नाही. दोन्ही शब्द किन्नोरपासून सारखेच लांब आहेत.

खरं तर मराठी शब्द वाटतो तितका लांबचाही नाही. आज वीणा म्हटलं की आपल्याला लांब दांडीची, भोपळ्याची वीणा दिसते. पण प्राचीन भारतात ‘वीणा’ हे धनुष्यासारख्या वाकलेल्या, उघड्या तारांच्या वाद्याचंही नाव होतं. चौथ्या शतकातल्या समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा मांडीवर वीणा घेऊन बसलाय. ती वीणा नीट पाहा, तो चक्क हार्पचा प्रकार आहे.

ज्या बहिणींना शब्द खटकतो त्यांना माझ्या वतीने प्रेमाने सांगा की वीणा ही एका देवतेची मालमत्ता नाही. मला तर हा शब्द फार मोलाचा वाटतो, आणि त्याचं कारण माझ्या गावात आहे. आमच्याकडे हरिनाम सप्ताहात वीणा पहाऱ्यावर असते. ती सात दिवस खाली टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, रात्री दोनलाही कुणीतरी ती घेऊन उभा. लहानपणी मी ते लांबून पाहायचो. पुढे 1 इतिहास 9:33 शिकवताना लेवी, म्हणजे मंदिराच्या सेवेला नेमलेल्या वंशातल्या, गायकांबद्दल वाचलं की ते मंदिराच्या खोल्यांत राहत, त्यांना इतर कामं नसत, कारण रात्रंदिवस ते याच सेवेत असत. वर्गातल्या मुलांना दुसरं काही समजावून सांगावं लागलं नाही. ‘वीणेचा पहारा’ म्हटलं आणि त्यांना कळलं. आपल्या भाषेने आपल्याला दिलेली ही समज टाकून द्यायची कशाला?

आता तुमच्या तरुण मंडळींकडून एक मुद्दा येईल, तो आधीच सांगून ठेवतो. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये वीणेसाठी ‘किथारा’ हा शब्द आहे आणि ‘गिटार’ हा शब्द त्याच्याच वंशातला, अरबीतून युरोपात फिरून आलेला. हे खरं आहे. पण नावाचं नातं म्हणजे वाद्याचं नातं नव्हे, आणि उपासनेचा परवाना तर मुळीच नव्हे. तसं पाहिलं तर आपली पेटी तरी कुठली? हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये 1840च्या सुमारास घेतलं गेलं. म्हणजे वडीलजन ज्या पेटीला ‘भजनी’ म्हणून बाजूला ठेवतात ती जन्माने युरोपियन, आणि स्तोत्र 150 मध्ये वीणेच्या बरोबरीने डफ आणि झांज आहेत, ते आपल्या टाळ-डफाचे सख्खे शेजारी. त्या स्तोत्राची यादी हातात धरून कुणी निवाडा करायला बसलं तर टाळ आधी आत येईल आणि कीबोर्ड दाराबाहेर राहील. म्हणून म्हणतो, यादीवरून निवाडा करू नका.

मग शास्त्रात वीणा कशासाठी आहे? इथे थोडं थांबतो, कारण गायकवृंदाला दरवर्षी मी हेच पहिल्यांदा शिकवतो.

वीणेचा पहिला उल्लेख उत्पत्ती 4:21 मध्ये. युबाल हा वीणा आणि पावा वाजवणाऱ्यांचा मूळपुरुष. तो कुणाच्या वंशातला? काइनाच्या. त्याचा एक भाऊ गुरं पाळणाऱ्यांचा मूळपुरुष, दुसरा तांब्या-लोखंडाची हत्यारं घडवणारा. वीणा आकाशातून पडलेली नाही. गोठा आणि भाता यांच्या शेजारी, माणसाच्या हातातून ती आली. पुढे लाबान याकोबाला म्हणतो, सांगून गेला असतास तर डफ-वीणा वाजवून वाटेला लावलं असतं. यशयात दारूच्या मेजवानीत वीणा आहे (5:12), आणि विसरली गेलेली वेश्याही वीणा घेऊन शहरभर फिरते (23:16). हेच वाद्य कराराचा कोश (दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी) आणताना दावीद आणि सगळे इस्राएल देवापुढे वाजवतात. वाद्य तेच, तारा त्याच.

आणि ते मंदिरातच वाजत असलं तरी देव ते ऐकेलच असं नाही. आमोस 5:23 मध्ये परमेश्वर म्हणतो, तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, तुमच्या सतारींचं वादन मी ऐकणार नाही. पुढच्याच वचनात न्याय पाण्यासारखा वाहू द्या, हे आहे. मंडळीत वाद्यांवरून दोन गट एकमेकांशी बोलेनासे झाले असतील तर आधी हा अध्याय वाचा, कीबोर्डचा विषय नंतर.

मंदिरातल्या सेवेत वीणेचं काम 1 इतिहास 25 मध्ये स्पष्ट आहे. आसाफ, हेमान आणि यदूथून यांची मुलं वीणा, सतार आणि झांजा वाजवून संदेश देत. वादन करत असं म्हणून लेखक थांबत नाही. तो देवाच्या वचनाचा, संदेशाचा शब्द वापरतो. स्तोत्र 49:4 मध्ये गाणारा म्हणतो, मी माझं कोडं वीणेवर उकलून सांगेन. 2 राजे 3:15 मध्ये संदेष्टा अलीशा आधी वाजवणारा बोलावतो आणि तो वाजवू लागल्यावर परमेश्वराचा हात अलीशावर येतो. मला या सगळ्यांतून एकच धागा दिसतो: वीणा शब्दाची वाट मोकळी करते. शब्द झाकणारी वीणा शास्त्रात आहे, पण ती मेजवानीतली.

शौल राजाची गोष्ट मात्र अर्धीच सांगितली जाते. दावीद वीणा वाजवी आणि शौलाला बरं वाटे (1 शमुवेल 16:23) हे आपण मुलांना सांगतो, आणि हल्ली संगीताने आजार बरे होतात म्हणूनही हे वचन पुढे केलं जातं. पण दोन अध्याय पुढे जा. दावीद रोजच्यासारखा वाजवतोय आणि शौल त्याच्यावर भाला फेकतो. एकोणिसाव्या अध्यायात पुन्हा तेच. वादक तोच, वीणा तीच, ऐकणाऱ्याचं मन बंद झालेलं. मला आजाऱ्यांच्या उशाशी गायला बोलावतात, मी जातो, हळू गातो, आणि पुष्कळदा त्यांना शांत झोप लागते. पण घरच्यांना मी कधीही सांगत नाही की गाण्याने गुण येईल. वीणेत तशी सत्ता असती तर शौल वाचला असता.

आणि सगळ्यात जास्त मला जे सांगायचंय ते स्तोत्र 137 बद्दल. बाबेलच्या नद्यांकाठी बंदिवान बसले होते, तिथल्या वाळुंजांवर त्यांनी आपल्या वीणा टांगल्या. (वाळुंज म्हणजे बहुधा फरात नदीकाठचं पॉप्लर जातीचं झाड, पण ते असो.) पाडाव करून नेणारे म्हणतात, सियोनेचं एखादं गाणं म्हणा. निनवेचं ते शिल्प आठवा, वाद्य वाजवत चाललेले कैदी आणि मागे शिपाई. या स्तोत्रातले लोक वीणा फोडत नाहीत, विकत नाहीत, आणि वाजवतही नाहीत. नुसत्या टांगून ठेवतात.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका तरुण मुलाच्या दफनविधीला मी पेटी घेऊन गेलो होतो. मला वाटलं, आशेचं गीत जोरात झालं पाहिजे. दुसऱ्या कडव्याला त्याच्या आईने माझ्या हातावर हात ठेवला आणि भाता थांबवला. काही बोलली नाही. मग मंडळीने उरलेलं गीत वाद्याशिवाय, अर्ध्या आवाजात म्हटलं. त्या दिवसापासून आमच्या मंडळीत उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) पेटी उघडत नाही, तबल्यावरची खोळ काढत नाही. पुनरुत्थानाच्या पहाटे पहिला सूर लागतो तेव्हा लहान मुलांनाही फरक कळतो. वाद्य कधी खाली ठेवायचं हे ज्याला कळतं, त्याच्या हातात कोणतंही वाद्य द्यायला मला भीती वाटत नाही.

मंडळीच्या इतिहासाबद्दल लांबण लावत नाही, पण वडीलजनांना माहीत असावं असं काही आहे. सुरुवातीच्या ख्रिस्ती उपासनेत वाद्यं नव्हतीच. सभास्थान आणि घरं यांतून ती उपासना उभी राहिली, मंदिरातून नव्हे. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत बहुतेक ठिकाणी आजही फक्त कंठाने गातात. धर्मसुधारक कॅल्विनच्या जिनिव्हात स्तोत्रं वाद्याशिवाय म्हटली जात. वाद्य नसताना जुन्या आचार्यांनी वीणेचा अर्थ माणसातच शोधला. संत ऑगस्टीन सांगतो की एका तंतुवाद्याची ध्वनिपेटी वर असते आणि दुसऱ्याची खाली. वरून येणारा नाद म्हणजे स्वर्गाची आज्ञा पाळणं, खालून येणारा म्हणजे या देहात दुःख सोसणं. सीरियाच्या एफ्रेमला तर लोक ‘पवित्र आत्म्याची वीणा’ म्हणत. उलट इथियोपियात बेगेना नावाचं दहा तारांचं वाद्य आहे, त्याला तिथले ख्रिस्ती दाविदाची वीणा मानतात आणि उपवासकाळात ते विशेष वाजवतात. कॅथलिक मंडळीत 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने ऑर्गनला मान दिला, आणि पवित्र कार्याला साजेशी इतर वाद्यंही स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने चालतील असं सांगितलं. आणि आपल्याकडे रेव्ह. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं. ती गीतं आपण शंभर वर्षांहून अधिक काळ पेटी-तबल्यावर म्हणतोय. यातल्या कुणालाही शास्त्राबाहेरचं ठरवायचं धाडस मी करणार नाही.

तेव्हा तुम्ही काय करावं? हे तुमच्या जागेवर, माणसांवर आणि तुमच्या पंथाच्या नियमांवर अवलंबून आहे. पाळकसाहेबांचा शब्द अंतिम असेल तर आधी त्यांच्याशी बोला. पत्र्याचं छत असेल तर ड्रमसेट कितीही सुंदर वाजवला तरी शब्द चेचले जातात. तिथे ढोलकीसुद्धा जपून. वयस्क जास्त असतील तर पट्टी खाली आणा. कीबोर्डवाली मुलं मोबाइलवर ऐकलेल्या पट्टीतच वाजवतात आणि मागच्या बाकांवरचे पहिल्याच अंतऱ्याला गप्प होतात. पांढरी एक किंवा दोन (म्हणजे सी किंवा डी) घ्या, पट्टी बदलणारं ट्रान्सपोझचं बटण त्यासाठीच आहे. शनिवारच्या सरावाला मी एका मुलाला शेवटच्या बाकावर बसवतो आणि गीत संपल्यावर विचारतो, तिसऱ्या कडव्यात काय होतं? त्याला सांगता आलं नाही तर वाद्य कमी करायचं, मग ते पेटी असो की गिटार. आमच्याकडे आता अभंगांना पेटी-तबला-टाळ, भाषांतरित गीतांना कीबोर्ड, आणि महिन्यातून एका रविवारी एक गीत नुसत्या गळ्याने, अशी सवय बसली आहे. ती बसायला दोन वर्षं लागली.

राहिला मुलीचा प्रश्न, आणि मला तोच सगळ्यात आवडला. ढगावरच्या देवदूताच्या हातातली वीणा चित्रांतून आणि नाताळच्या शुभेच्छापत्रांतून आली. प्रकटीकरणात वीणा कुणाच्या हातात आहेत ते तिला वाचून दाखवा. पाचव्या अध्यायात चार प्राणी आणि चोवीस वडील यांच्याजवळ वीणा आहेत, सोबत धूपाने भरलेल्या सोन्याच्या वाट्या, आणि तो धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना. एका हातात गाणं, दुसऱ्या हातात लोकांचं रडणं-मागणं, असं मी मुलांना सांगतो. पंधराव्या अध्यायात देवाच्या वीणा ज्यांच्याजवळ आहेत ते श्वापदाच्या छळातून पार झालेले लोक, आणि ते मोशेचं गीत गातात, गुलामीतून सुटलेल्यांचं. मला तिथे बाबेलच्या झाडांवर टांगलेल्या वीणाच खाली उतरलेल्या दिसतात. हा माझा अर्थ आहे, तसं वचनात लिहिलेलं नाही.

आणखी एक गोष्ट तिला आवडेल. यहुद्यांच्या मिश्ना या जुन्या ग्रंथात म्हटलंय की मेंढा जिवंत असतो तेव्हा त्याला एकच आवाज, मेल्यावर सात: शिंगांचे कर्णे, पायांच्या हाडांच्या बासऱ्या, कातड्याचा डफ, आणि आतड्यांच्या तारा, मोठ्या आतड्यांच्या नेवेलला, लहान आतड्यांच्या किन्नोरला. पाचव्या अध्यायात त्या सगळ्या वीणा कुणाभोवती वाजतात? वधलेल्या कोकऱ्याभोवती, म्हणजे ख्रिस्ताभोवती. हे जुळवून पाहिलं त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो.

मुलगी किती वर्षांची आहे ते तुम्ही लिहिलं नाही. 1 इतिहास 25 मध्ये 288 निष्णात गायक आहेत, आणि पाळ्यांसाठी चिठ्ठ्या टाकताना लहान-मोठा, गुरू-शिष्य असा भेद केला नाही. आठ-नऊची असेल तर पेटीच्या भात्याला तिचा हात पुरेल. त्याहून लहान असेल तर येत्या रविवारी तिच्या हातात टाळ द्या आणि वडीलजनांच्या शेजारी उभी करा.